तीन हजारावरची चिकटपट्टी

शेडमध्ये एक गाडी, तिच्यावर दोन चादरी, भिंतीला टेकून तीन बादल्या, दोरीवर अकरा पिवळी फडकी आणि फळीवर ऑइलचे चौदा रिकामे डबे होते. गाडीच्या आत, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर, बरोबर तीन हजारापाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. आणि माझ्या हातात मिस्त्रीने पुठ्ठ्यावर लिहून दिलेले सहा आकडे होते: पुढचा रोटर ७.३, ७.१, ७.२, मागचा रोटर ६.८, ६.७, ५.४.

शेवटचा आकडा सकाळपासून मी निदान बारा वेळा वाचला होता.

मामाच्या गाडीच्या इंजिनात वर-खाली जाणारे पिस्टन नाहीत. दोन तिकोनी रोटर लांबट पोकळीत गरगर फिरतात. प्रत्येकाच्या तीन बाजू म्हणजे तीन कप्पे, एकूण सहा; पुठ्ठ्यावरचे आकडे म्हणजे त्यांतला दाब. टोकांना आणि कुशींना बारीक पट्ट्या असतात. त्या नीट टेकल्या तर दाब धरतो, नाही टेकल्या तर निसटतो. तो साडेसहाच्या खाली गेला की तापलेलं इंजिन पुन्हा चालू व्हायचं नाव घेत नाही. मंगळवारी पेट्रोल पंपावर तेच झालं. मामी आत, ऊन टळटळीत, मागे नऊ गाड्या आणि नवांचेही हॉर्न.

मिस्त्रीने दाब मोजून हे आकडे दिल्यावर मामीने निकाल दिला.

"अहो, पुढच्या शनिवारी मिस्त्रींना परत मोजू दे. साडेसहाच्या वर आला तर ठेवा. नाहीतर ट्रक बोलवा. माझे गुडघे आणि ही गाडी, दोन्ही एकदम नाही ढकलता येणार तुम्हाला."

मामा उठला. शेडमध्ये जाऊन चादरी सारख्या करू लागला. इंजिन उघडून पट्ट्या बदलता येतात, पण आमच्या मिस्त्रीने असलं इंजिन कधी उघडलं नव्हतं आणि पट्ट्या कुठे मिळत नव्हत्या. ट्रक म्हणजे भंगार, हे तिघांनाही माहीत होतं.

मला बसवेना. मी मामाच्या मागे मागे शेडमध्ये गेले.

"मामा, तू रोज सकाळी हिचं काय काय करतोस? क्रमाने सांग."

"आली मोजपट्टी," मामा म्हणाला. घरात माझं हेच नाव. "बाहेर काढतो, धुतो, आत लावतो."

"म्हणजे दोनदा चालू, दोनदा बंद. चालते किती वेळ?"

"एक मिनिट. उगाच कशाला झिजवायची?"

"आणि रस्त्यावर?"

"तीन हजाराच्या वर नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. तुझ्या मामीची शपथ."

"माझी कशाला? त्या गाडीची घ्या!" आतून आवाज आला.

तळहाताच्या फोडासारखी जपली होती, आणि तेच नडलं होतं. पट्ट्यांना ओलावा मिळावा म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं. म्हणून तर ते चौदा डबे. पण ते कधी नीट तापलंच नाही, जोरात फिरलंच नाही, तर जळलेल्या ऑइलची काजळी खाचांमध्ये साचते आणि पट्टी जागच्या जागी चिकटून बसते.

मिस्त्रीला मी माझा हिशेब सांगितला. टोकाची पट्टी दोन शेजारी कप्प्यांत सामाईक असते. ती गेली असती तर दोन आकडे पडले असते. पडला एकच, म्हणजे कुशीची पट्टी अडकली असणार. अडकलेली सुटू शकते.

"किंवा मोडली असेल," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "मोडली असेल आणि तुम्ही रेटलीत, तर तुकडा आत फिरेल. मग शनिवारची वाट बघायला नको."

"अडकली की मोडली, कळणार कसं?"

"रेटल्यावर."

त्या दिवसापासून लिटरला पाच मिलिलिटर ऑइल मी पेट्रोलमध्ये मिसळू लागले, मामीच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून. तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत आम्ही गल्लीत थांबायचो. साडेसात मिनिटं. तेवढ्यात मी तीनदा उतरून मागचा धूर बघून यायचे. मग गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सात हजार. घरी आल्यावर लगेच बंद करायची नाही. धुवायची असेल तर ढकलून बाहेर काढायची.

ठरलं होतं सात हजार. पहिल्या दिवशी झाले ३,१००. दुसऱ्या दिवशी ३,०००. पाचव्या दिवशी ३,४००, आणि मामाच्या कपाळावर घाम.

"दाब ना मामा!"

"दाबतोय."

"काटा हलत नाहीये."

"पायच जात नाही गं खाली. तूच चालव."

माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी होती, लायसन्स नव्हतं. माझा उजवा पाय मात्र समोरची रबरी मॅट दाबून दाबून दुखायला लागला होता. झोपेतही तो दाबतच असावा.

शनिवारला दोन दिवस उरले तेव्हा मामी न विचारता मागच्या सीटवर येऊन बसली. गाडी गोदामांमागे आली. रस्ता मोकळा झाला तशी पुढे वाकली, दोन सीटच्या मधून हात घातला आणि नखाने ती चिकटपट्टी सोलून काढली.

"अगं, काय करतेस?"

"एकोणीस वर्षं सगळा संसार तीन हजाराच्या आत केलात. दाबा आता."

"मोडली तर?"

"मोडली तर मी चालत येईन. दाबा म्हणते ना!"

मामाने दाबलं. चार हजार, पाच हजार. आवाज बारीक आणि ताणलेला झाला. सहा हजार. मागे काळा ढग उठला. सात हजारापाशी डॅशबोर्डमधून कर्कश शिट्टी वाजली आणि मामाने पाय चटका बसल्यासारखा उचलला.

"तुटलं! काहीतरी तुटलं!"

"नाही, बझर आहे. आता गिअर बदला, असं सांगतो."

"हिच्यात बझर आहे?"

मामी मागे इतकी हसली की तिला ठसका लागला. मामाने गाडी वळवली. परत दाबली. मग कोणी न सांगता तिसऱ्यांदा. शुक्रवारी सहा वेळा बझर वाजला आणि शेवटच्या दोन वेळा धूर करडा होता.

शनिवारी मिस्त्रीने गरम इंजिनाचे प्लग काढून यंत्र लावलं. मामा स्टार्टर मारायला बसला. मामी दारात उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. मी पुठ्ठा उलटा करून पेन्सिल धरली.

पुढचा रोटर: ७.३, ७.२, ७.२.

मागचा: ६.९, ६.७.

"परत मारा," मिस्त्री म्हणाला. मामाने परत मारला.

६.६.