शेगडीपुढचा गूळ

माझी बायको राजलक्ष्मी गेली त्या दिवशी मी शहराबाहेर, होसकोट्याला कामावर होतो. ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीआधी सौम्याचा फोन आला. सौम्या म्हणजे राजलक्ष्मीची धाकटी बहीण. आमच्याच गल्लीत राहते. ती म्हणाली, "भावजी, अक्काला घाम सुटलाय आणि ती बोलत नाही. आम्ही तिला हॉस्पिटलला नेतोय."

मी बसवनगुडीत, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होता. त्याने मला कन्नडमध्ये विचारलं, "यांना शुगर किती वर्षांपासून होती?"

मी म्हटलं, "तिला शुगर नव्हती."

तो म्हणाला, "होती. जुनी असावी. अशा माणसांना हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखतंच असं नाही. कधी तपासली नव्हती का?"

सौम्या माझ्या शेजारी उभी होती. तिने खाली बघितलं. त्याच आठवड्यात, रविवारी, आमच्या मंडळात शुगर आणि हृदयाचं मोफत तपासणी शिबिर झालं होतं. त्या शिबिराचा नाश्ता राजलक्ष्मीने केला होता. आणि त्याच्या आधीच्या सगळ्या शिबिरांचाही.

भवानी मंडळ म्हणजे आम्हा जुन्या मराठा घरांचं मंडळ. वर सभागृह आहे, खाली स्वयंपाकघर. दरवर्षी एका हॉस्पिटलची माणसं येतात. सकाळी उपाशी पोटी बोटातून रक्त घेतात, बीपी बघतात, ईसीजी काढतात. रक्त दिलं की खाली येऊन उप्पिट्टु म्हणजे उपमा, केसरीबात आणि कॉफी घ्यायची आणि परत वर जाऊन डॉक्टरांचं भाषण ऐकायचं. शिबिराच्या आधी राजलक्ष्मी संध्याकाळी घरोघर जायची. "काही खाऊन येऊ नका. कॉफीसुद्धा नको," असं सांगायची. तिने सांगितलं म्हणून माणसं यायची.

तिचं स्वतःचं रक्त मात्र राहायचं. त्याचं कारण आमच्या बायकांची एक पद्धत. मंडळाची मोठी शेगडी पेटवायच्या आधी तिला हळदीकुंकू लावतात आणि पुढे गुळाचा खडा ठेवतात. शेगडी पेटली की तो गूळ फोडून स्वयंपाकाच्या बायका तोंडात टाकतात आणि मग कामाला लागतात. वरची माणसं यायच्या आधीच गूळ पोटात गेलेला असायचा. मग रक्त कसं देणार? "पुढच्या वर्षी देऊ," म्हणायच्या आणि रवा भाजायला घ्यायच्या. ह्याचं कोणाला काही वाटत नसे.

तिच्या वर्षश्राद्धाच्या थोडं आधी जयसिंगराव घरी आले. ते मंडळाचे अध्यक्ष. खुर्चीवर बसून थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "खंडोजी, यंदाचं शिबिर राजलक्ष्मीच्या नावाने करू. स्टेजमागे बॅनर लावू. चांगलासा फोटो असेल तर दे."

"फोटो देतो अण्णा. पण स्वयंपाकघरातल्या बायकांचं रक्त आधी घ्यायचं. शेगडी पेटायच्या आधी."

"आणि नाश्ता कधी व्हायचा?"

"हॉटेलातून इडली आणा."

"हॉटेलची इडली खायला मंडळात कोण येईल? अरे, निम्मी माणसं रक्त द्यायला येतात आणि निम्मी केसरीबात खायला." ते हसले, मग थांबले. "तसं नाही म्हणायचं मला."

"खरं तेच बोललात. ती पण तसंच म्हणायची."

"मग शेगडी कोण पेटवणार?"

"मी पेटवतो. गूळही मीच खाईन."

"तू? तुला काय येतं?"

"वर्षभर मीच करून खातोय."

"तू खातोस रे. हे लोकांना खायचंय."

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. बाकीच्या बायकाही तयार झाल्या. प्रश्न सौम्याचा होता.

माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. सौम्या संध्याकाळी डब्यातून सार आणून देते. हल्ली ती जिन्याच्या वळणावर थांबते, कठड्याला धरून उभी राहते आणि मोबाइल बघते. मी दारातून बघितलंय, मोबाइलची स्क्रीन बंद असते. राजलक्ष्मी शेवटच्या महिन्यांत त्याच वळणावर थांबायची. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची आणि म्हणायची, पित्त झालंय.

मी विचारलं, "दम लागला का?"

"दम कसला? साडी पायात येते."

मी तिला शिबिराचं सांगितलं. ती आत आली, डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नको, भावजी. बाकीच्यांचं करा."

"का?"

"तिथं हॉस्पिटलच्या पोरी आकडा ओरडून सांगतात. गेल्या वेळी शेजारच्या आजोबांची शुगर पहिल्यांदा निघाली. ते खुर्चीतून उठायच्या आत ती बातमी खाली कॉफीपर्यंत पोचली होती. अक्कानेच त्यांना बिनसाखरेची दिली."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती म्हणाली, "वेदिकाचं ठरलंय हे विसरलात का?"

वेदिका तिची एकुलती मुलगी. नवरा मुलगा अभिराज, जयसिंगरावांचा पुतण्या. चांगला मुलगा आहे.

सौम्या म्हणाली, "अभिराजची आई पहिल्या रांगेत बसणार. मोठी बहीण शुगरने गेली, आता धाकटीला निघाली, म्हणजे मुलीलाही होणार. असं म्हणायला किती वेळ लागतो?"

"अभिराज तसा नाही."

"अभिराज नाही. पण लग्न काय एकट्या अभिराजशी होतं?"

मी म्हटलं, "डॉक्टरबाईंना खाली बोलावतो. कोठीच्या खोलीत, दार लावून. वर कोणाला कळणार नाही."

"स्वल्प विचार करू द्या," ती म्हणाली. जाताना तिने डब्याचं झाकण उघडून दाखवलं. "मीठ कमी आहे. घालून घ्या."

शिबिराच्या सकाळी मी लवकर मंडळात गेलो. बायका आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हातात काम नसताना स्वयंपाकघरात उभं राहायची त्यांना सवय नव्हती. मी शेगडीला हळदीकुंकू लावलं. मला ते कधी करावं लागलं नव्हतं. कुंकू जास्त झालं. एकीने सांगितलं, गूळ डावीकडे नाही, समोर. मी समोर ठेवला. शेगडी पेटवली. गूळ फोडून थोडा माझ्या तोंडात टाकला आणि बाकीचा वाटीत ठेवून वाटी लांब सरकवली.

रवा भाजायला घेतला तेव्हा सौम्या आली. नवी साडी नेसून आली होती. कढईत बघून म्हणाली, "आच बारीक करा. हा रवा आहे, लोखंड नाही." उलथणं माझ्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या हाताने वाटीतला गुळाचा तुकडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला.

"आता झालं," ती म्हणाली. "मी गूळ खाल्ला, भावजी. माझं पुढच्या वर्षी बघू."

मला आता बोलण्याचा कंटाळा आला होता. वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून झालं होतं. मी बटाटे चिरायला बसलो.

थोड्या वेळाने डॉक्टर सुचेता खाली आल्या. त्या पुण्याच्या, नोकरीसाठी इथे आलेल्या. त्यांच्याबरोबर ईसीजीचं छोटं मशीन घेऊन एक नर्स होती. डॉक्टरांनी कढईत वाकून बघितलं.

"शुगरच्या कॅम्पला शिरा? सीरियसली?"

"शिरा नाही, केसरीबात," सौम्या म्हणाली.

"फरक काय?"

"शिऱ्यात तुमच्याकडं केळं घालतात. आम्ही अननस घालतो."

"साखर तेवढीच ना?"

"जास्त," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

कोठीची खोली रिकामी केली होती. एकेक बाई आत जाऊन बोट टोचून आली. मग डॉक्टरांनी सौम्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही?"

"मी गूळ खाल्लाय. उपाशी नाही मी."

"मग काय झालं?"

"उपाशी पोटीच लागतं ना?"

"कोणी सांगितलं? फास्टिंगची असली तर बरं, पण रँडमपण चालते. आकडा वेगळा धरायचा, एवढंच. आणि एचबीएवनसी म्हणून एक टेस्ट आहे, त्यात गेल्या तीन महिन्यांची साखर कळते. तिला तर उपाशी राहावंच लागत नाही. बीपीचा आणि ईसीजीचा खाण्याशी काय संबंध?"

स्वयंपाकघरात रव्याचा वास येत होता. तो लागायला लागला होता.

मी म्हटलं, "ह्या बायकांना वाटायचं, गूळ तोंडात गेला की झालं. म्हणून त्या कधी वर यायच्या नाहीत."

"आम्हाला विचारायचं ना काका."

"तुम्ही वर होतात."

सौम्याने शेगडी बंद केली. उलथणं कढईवर आडवं ठेवलं. म्हणाली, "म्हणजे अक्का गूळ खाऊनसुद्धा देऊ शकली असती."

कोणाला उद्देशून बोलली नाही. मग पदराला हात पुसत कोठीत गेली, पोत्यावर बसली आणि बोट पुढे केलं.

तिची साखर तीनशेच्या वर निघाली. बीपीही जास्त होतं. नर्सने ईसीजी काढला. डॉक्टरांनी ती पट्टी दोनदा बघितली. दार लावलेलं होतं. आत त्या दोघी, सौम्या आणि मी. मी आत थांबावं असं सौम्याच म्हणाली होती.

"छातीत दुखतं?"

"नाही."

"दम लागतो?"

"जिना चढल्यावर. तो सगळ्यांनाच लागतो."

"सगळ्यांना नाही लागत, मावशी. इथे थोडा बदल दिसतोय. ह्याच आठवड्यात हॉस्पिटलला या. एको करू, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गोळ्या मी आजच लिहून देते, पण नुसत्या गोळ्यांवर राहू नका. घाबरू नका आणि पुढेही ढकलू नका."

"वर कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

सौम्याने कागदाची बारीक घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. बाहेर येऊन लागलेला रवा वरच्यावर काढून घेतला, खालचा टाकून दिला आणि नवा रवा घातला. नाश्त्याला उशीर झाला. जयसिंगराव दोनदा जिन्यात येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "खंडोजी, तू रवा जाळलास ना? मला माहीत होतं."

"मीच जाळला अण्णा," मी म्हटलं.

भाषणाच्या वेळी मी सगळ्या बायकांना वर पाठवलं आणि भांडी घासायला घेतली. वरून डॉक्टरांचा आवाज येत होता. हार्ट अटॅकमध्ये बायकांचं दुखणं वेगळं असतं, जबडा दुखतो, पाठ दुखते, कधी नुसता थकवा येतो, असं त्या सांगत होत्या. मध्ये नळाचा आवाज व्हायचा आणि काही वाक्यं निसटायची. राजलक्ष्मीला एवढंही ऐकू येत नसेल, कारण ती भांडी घासायची तेव्हा मिक्सरही चालू असायचा. बॅनर वर स्टेजच्या मागे लावला होता. तो मी सगळे गेल्यावर बघितला. फोटो जरा ताणला गेला होता. ती होती त्यापेक्षा जाड दिसत होती.

त्या आठवड्यात मी रजा टाकली. रिक्षा घेऊन सौम्याच्या दारात गेलो. वेदिकाने दार उघडलं. "काका, आई चिकपेटला गेली. साड्या घ्यायच्या होत्या. तुम्हाला सांगितलं नाही का?"

"विसरलो असेन," मी म्हटलं.

"काही काम होतं?"

"काही नाही. सांग, मी येऊन गेलो."

पुढच्या आठवड्यात परत गेलो. तेव्हा घरी अभिराजची आई बसली होती. मी कॉफी घेतली आणि परत आलो.

मग एका संध्याकाळी सौम्या सार घेऊन आली. वळणावर थांबली. मी खाली गेलो, तिच्या हातातून डबा घेतला आणि तिथेच विचारलं.

"लग्न होऊ दे, भावजी. मग तुम्ही म्हणाल तिथं येते."

"तुझ्या अक्काला कोणी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलंय."

"म्हणून तर गोळ्या घेते. गोड सोडलंय. कालपासून कॉफीत साखर नाही."

"नुसत्या गोळ्यांवर राहू नका म्हणाल्या त्या."

"तुम्हाला काय वाटतं, मला भीती वाटत नाही?" ती कठड्याला टेकली. "मी तिथं गेले आणि त्यांनी ठेवून घेतलं तर? मांडवात मुलीच्या आईची जागा रिकामी राहील. मग सगळ्यांना कळेल आणि काय कळेल ते वेगळंच असेल."

"मग वेदिकाला तरी सांग."

"तिला सांगितलं तर ती लग्न पुढं ढकलेल. तुम्ही पण सांगायचं नाही. शपथ आहे तुम्हाला अक्काची."

मी डबा घेऊन वर आलो. ती माझ्या मागून हळूहळू आली. आत येऊन खुर्चीवर बसली, पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे, जाते आता." मी ती खाली उतरेपर्यंत दारात उभा राहिलो.

साराला मीठ कमी होतं. मी घातलं नाही.

वेदिकाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सौम्याची एको व्हायची राहिली आहे.