पाठीवरचा ॲप्रन

आमच्या चौथीच्या पोरांना हृदय कुठं हाय विचारलं की सगळी उजवीकडं हात ठेवायची. कावून? तर मी त्यांच्याकडं तोंड करून माझ्या छातीवर डावीकडं हात ठेवायचो आन् पोरं आरशागत नक्कल करायची. यकृत, जठर, सगळ्याचीच अदलाबदल. वैतागून मी कपाळाला हात लावला, तर पोरांनी तोही लावला.

म्हणून ठरवलं, ॲप्रनवर रंगीत कापडाचे अवयव शिवून घ्यायचे, तो पोरांच्या अंगात आळीपाळीनं घालायचा, म्हणजे डावं-उजवं ज्याचं त्याला आपल्याच अंगावर कळंल, आन् सिरसाळ्याच्या विज्ञान प्रदर्शनातही तेच मांडायचं. शिवणार कोण? रईस टेलर. त्याची पोरगी अदिबा माझ्याच वर्गात; तीच ॲप्रन घालून माहिती सांगणार होती. रईसभाई म्हणजे गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या पोटाचं माप तोंडपाठ असलेला, आन् चहाच्या टपरीवर ते मोठ्यानं सांगणारा माणूस. ॲप्रन मात्र त्यानं कुणाला बघू दिला न्हाई. प्रदर्शनादिवशी ऐन बाजाराचा दिवस असून दुकान बंद ठेवून, नवा शर्ट घालून आला. म्हणाला, आजवर लोकांनी माझं शिवलेलं घातलं, मळवलं, फाडलं. मांडून ठेवतायत ते आजच.

तो गाडी लावायला गेला तेव्हा मी आन् अदिबानं पुडकं सोडलं. काम लई देखणं. लाल मखमलीचं हृदय, आतड्यांची वळणं तर बोट फिरवत बसावं अशी. अदिबानं ॲप्रन घातला आन् माझं डोकं फिरलं. हृदय उजवीकडं, यकृत डावीकडं! टेलर लोक खडूच्या खुणा कापडाच्या उलट्या बाजूला करतात. या पठ्ठ्यानं पुस्तकातलं चित्रही सवयीनं तिकडंच उतरवलं, खुणा आरपार सुलट बाजूला घेतल्या आन् त्यांच्यावरच शिवलं, त्यामुळं डाव्याचं उजवं झालं. म्हणजे जो घोळ मिटवायला एवढा खटाटोप केला, तोच घोळ आता मखमलीत.

मी तावातावानं रईसभाईला हाक मारणार, तेवढ्यात अदिबानं माझी बाही धरली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"गुरुजी, अब्बाला सांगू नका. नंबर न्हाई आला तर न्हाई. पर ते आज लई खुश हायत."

मला गलबलून आलं, पण करायचं काय? पोरीनं ॲप्रन काढला, उलटासुलटा करून बघितला आन् एकाएकी पाठीवर घेतला. नाड्या पुढं बांधल्या, माझ्याकडं पाठ केली. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ताडून बघितलं. हृदय डावीकडं, यकृत उजवीकडं, सगळं जिथल्या तिथं.

परीक्षक बाई आल्या. तुझं हृदय पाठीवर असतं का गं, म्हणून त्यांनी चेष्टा केली. अदिबा मान न वळवता म्हणाली, तुम्ही माझ्या मागं उभ्या ऱ्हावा, म्हणजे माझा डावा तोच तुमचा डावा. बाईंनी करून बघितलं. मग आमची सगळी पोरं तिच्यामागं रांगेत उभी राहिली, आन् हृदय म्हटल्यावर वर्षात पहिल्यांदा सगळ्यांचे हात डावीकडं गेले. माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी तर फोटो काढून घेतला.

रईसभाई गर्दीत उभा राहून दिसेल त्याला सांगत होता, मी शिवलंय. बोलता बोलता त्यानं ॲप्रनकडं बघितलं, स्वतःच्या छातीकडं बघितलं, पुन्हा ॲप्रनकडं. मग माझ्याजवळ आला.

"हे पुढूनच घालायचं होतं न्हवं, गुरुजी?"

मी अदिबाकडं बघितलं. अदिबा लांब बसून ॲप्रनची नीट घडी घालत होती. तिच्याकडं बघत तो हळूच म्हणाला, "मला कळलं म्हनून तिला सांगू नका."

मग तिच्याजवळ गेला, तिला उसाचा रस पाजला, आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला पुन्हा मोठ्यानं सांगू लागला, की ॲप्रन मी शिवलाय.