आठवी शिफारस

माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायचा धीर राहणार नाही. तो आवाज चढवत नाही, ताटात पडेल ते मुकाट्याने खातो, शाळेत सगळे त्याला सज्जन म्हणतात. सज्जन माणसाशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. हात आपलाच दुखतो, उशी होती तशीच राहते.

आम्ही तिघंही एकाच शाळेत शिकवतो. दादा इतिहास, वहिनी नववी-दहावीला गणित आणि मी भाषा. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी एकटी राहते आणि जेवायला खाली उतरते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारावर मत द्यायला मला भरपूर वेळ मिळतो, असं दादाचं म्हणणं. वहिनी मला जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणते, तेही मुद्दाम, मी चिडते म्हणून.

शिक्षकांच्या खोलीत कुणी पुढे शिकायचं म्हटलं की सल्ल्यांचा बाजार भरतो. विषयातली पदव्युत्तर पदवी घ्यावी की शिक्षणशास्त्रातली? शिक्षणशास्त्राची पोस्टाने होते. धडे घरी येतात, स्वाध्याय लिहून पाठवायचे, शेवटी एक प्रबंध, आणि ती हातात असली की मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा रस्ता मोकळा. शिवाय समुपदेशन आहे, शाळा-व्यवस्थापन आहे. विषयाची पदवी मात्र घरबसल्या होत नाही. तिला विद्यापीठात जाऊन बसावं लागतं, म्हणजे दुपारचे तास दुसऱ्या कुणावर तरी ढकलावे लागतात, आणि त्यासाठी शाळेचं परवानगीपत्र लागतं. "विषयाची पदवी म्हणजे हौस," असं आमच्या भूगोलाच्या नकाशेबाई म्हणायच्या. "वर्गात काय शिकवणार? तेच काटकोन त्रिकोण ना?"

वहिनीला हौस होती. हौस हा शब्दही तोकडाच म्हणा. एकदा नववीतल्या एका मुलीने तिला विचारलं, "बाई, लांब रेषेवर जास्त बिंदू असतात की आखूड रेषेवर?" वहिनी वर्गात म्हणाली, उद्या सांगते. मग आठवडाभर ती घरात हरवल्यासारखी वावरली. भाजी करपली, दुधाने शेगडी धुतली गेली. कुठून तरी जुनं पुस्तक पैदा करून, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्यांवर आकृत्या काढून तिने ते उत्तर शोधलं. दोन्हीकडे सारखेच. मला सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला काही कळलं नाही तरी मी जोरात मान हलवली. "वन्सं, याच्या पुढे किती तरी आहे. मी नुसती दारात उभी आहे," ती म्हणाली. दादाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "परीक्षेला येणार आहे का?" त्याने विचारलं, अगदी प्रेमाने.

आमच्या शाळेची जुनी रीत अशी की पुढच्या शिक्षणाची परवानगी, मग ते पोस्टाने का असेना, एका वेळी एकालाच मिळायची, आणि एकाचं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला नाही. नंबर लागायचा तो नोकरीच्या ज्येष्ठतेनुसार. दादा आणि वहिनी एकाच दिवशी रुजू झाले होते. त्यामुळे त्यांचा नंबर आला तेव्हा जुन्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे आम्ही ज्यांना मोठे सर म्हणायचो त्यांनी, हात झटकले. "घरातला मामला आहे, घरात ठरवा," ते म्हणाले.

घरात ठरलं. म्हणजे दादा म्हणाला, "मोठे सर चार-पाच वर्षांत निवृत्त होतायत. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर खुर्ची बाहेरच्या कुणाला तरी जाईल. माझं होऊन जाऊ दे, मग तू निवांत कर तुझं गणित. मग तर काय, मीच सही करणारा!" वहिनी हसली. मीही हसले. तेव्हा ते खरंच हसण्यासारखं वाटलं होतं.

दादाचे धडे पोस्टाने आले आणि तसेच पाकिटात राहिले. पहिला स्वाध्याय त्याने लिहायला घेतला आणि त्याची पाठ धरली. दुसरा वहिनीने 'जरा बघून' दिला. तिसऱ्यापासून बघायचंही उरलं नाही, ती सरळ लिहायलाच लागली. वर्गावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, एका हाताला चिरायची भाजी आणि दुसऱ्या हाताला शैक्षणिक मानसशास्त्र. पदवी दोन वर्षांची, पण दादाच्या सवडीने ती बरीच लांबली. मी एकदा म्हटलं, "दादा, निदान वाच तरी." तो म्हणाला, "अगं, तिला आवडतं ते."

प्रबंधाचा विषय त्याच्या गाईडने ठरवला. 'माध्यमिक शाळांतील विवाहित शिक्षिकांच्या उच्च शिक्षणातील अडथळे.' वहिनीने तो वाचला आणि किती तरी वेळ हसत बसली. मग प्रश्नावली तिनेच तयार केली, आसपासच्या शाळांतल्या बायकांना तिनेच वाटली, तिनेच गोळा केली. बायकांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. सासूचं आजारपण, मुलांची शाळा, नवऱ्याचं आधी होऊ दे. वहिनी ती उत्तरं वाचताना हसायची बंद झाली होती. प्रबंध तिने जीव ओतून लिहिला. भाषेवरून शेवटचा हात मी फिरवला, म्हणून सांगते, चांगला होता.

फक्त शेवटच्या प्रकरणात घोडं अडलं. शिफारशी किमान आठ हव्यात, असा गाईडचा निरोप आला आणि वहिनीजवळ होत्या सात. पहिलीच शिफारस होती, परवानगी देताना शिक्षिकांना प्राधान्य द्यावं. बाकीच्याही साध्या, सरळ, कामाच्या. आठवी काही सुचेना. मी वाटाणे सोलत बसले होते. वहिनी पेन दातात धरून छताकडे बघत होती.

"काहीतरी भारदस्त हवं," मी म्हटलं. "ज्याचा कुणाला उपयोग नाही असं. परीक्षकांना तसलंच आवडतं."

तिने पेन खाली आणलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत म्हणत लिहिलं. "पती-पत्नी एकाच शाळेत कार्यरत असल्यास आणि त्यांपैकी एक मुख्याध्यापकपदी असल्यास, पक्षपाताचा आरोप टाळण्यासाठी मुख्याध्यापकांनी आपल्या जोडीदारास उच्च शिक्षणाची परवानगी देणे कटाक्षाने टाळावे."

"कटाक्षाने!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वाटाणे घरभर सांडले. दादा बाहेरून ओरडला, "काय चाललंय?" वहिनी म्हणाली, "काही नाही, तुमचं शिक्षण चाललंय."

दादाला पदवी मिळाली. प्रबंध काळ्या कापडाच्या बांधणीत आला, वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव. अर्पणपत्रिका होती 'सहधर्मचारिणीस, जिच्या सहकार्याशिवाय', आणि तीही वहिनीनेच लिहिली होती, कारण दादाला सुचत नव्हतं. मोठे सर गेले, दादा खुर्चीत बसला. प्रबंध मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेला, ढालींच्या शेजारी.

आता वहिनीचा नंबर होता. तोही शेवटचाच, कारण नोकरीची ठरावीक वर्षं शिल्लक नसतील तर परवानगी मिळत नाही. शाळेला त्या शिक्षणाचा काही उपयोग व्हायला हवा ना! वहिनीची वर्षं यंदा काठावर होती. तिने विद्यापीठात जाऊन चौकशी केली, वेळापत्रक आणलं. येताना रेघांची वही आणली, कॉलेजातल्या पोरींसारखी. अर्जावर दादाने घरीच नजर टाकली. "शाळेत दे, रीतसर," तो म्हणाला. मला ते बरंच वाटलं. रीतसर म्हणजे नीट, असं मी समजले.

परवानगीचा निर्णय समितीत व्हायचा. दादा, हेडक्लार्क, खेळाचे शिट्टीसर, नकाशेबाई आणि मी. मी तर जाताना पाण्याची बाटलीही नेली नव्हती, इतकं ते पाच मिनिटांचं काम होतं. हेडक्लार्कने अर्ज वाचला. शिट्टीसर म्हणाले, "यात बोलायचं काय? बाईंचाच नंबर आहे."

दादा उठला. काचेचं कपाट उघडून त्याने तो काळा प्रबंध काढला. पानात खूण घातलेली होती. म्हणजे त्याने वाचला होता. इतक्या वर्षांनी, एकदाचा, वाचला होता.

"हा माझ्यासाठी कठीण निर्णय आहे," तो म्हणाला. "पण मी स्वतः या विषयावर संशोधन केलंय. माझाच निष्कर्ष मी माझ्या घरासाठी गुंडाळून ठेवला, तर तोंड कुठे दाखवू?" आणि त्याने आठवी शिफारस वाचली. सावकाश, वर्गात वाचतो तशी. 'कटाक्षाने'वर जरा थांबला.

मला वाटलं, आता तो हसेल, सही करेल. तो हसला नाही. नकाशेबाईंचे डोळे भरून आले होते. "याला म्हणतात तत्त्व," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या घरापासून सुरुवात!"

"त्याच प्रबंधात पहिली शिफारस आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला. "शिक्षिकांना प्राधान्य द्यावं. ती पण वाच."

"ती सर्वसाधारण आहे," दादा शांतपणे म्हणाला. "ही विशिष्ट आहे. आणि बाई, इथे आपण घरचे नाही."

आणखी एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोलले असते तर दादाची पदवी गेली असती, खुर्ची गेली असती, आणि जिने तो प्रबंध लिहिला तिची नोकरीही धोक्यात आली असती. तरीही वहिनीला आपलं लिहिलेलं परत मिळालं नसतंच. मी ते वाक्य गिळलं. अजून पोटात आहे, पचलेलं नाही.

जागा वाया जाऊ नये म्हणून यंदाची परवानगी शिट्टीसरांना दिली. त्यांनी अर्जही केला नव्हता. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "मला नको होती हो. मी कुठे शिकतोय आता?" ते खालमानेने म्हणाले. नको होती तर तोंडात शिट्टी धरली होती का, असं मी त्यांना विचारलं. बिचाऱ्यांवर उगाच ओरडले. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो आत सही करत होता.

वहिनीला निर्णय शिपायाच्या हाती, सही-शिक्क्यानिशी मिळाला. दहावीच्या तासाला. तिने कागद वाचला, घडी घालून डस्टरखाली ठेवला आणि राहिलेलं उदाहरण पुरं केलं. मला शेजारच्या वर्गातून तिच्या खडूचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी मी जेवायला खाली गेले ती भांडायच्या तयारीनेच. टेबलावर वहिनीची रेघांची वही होती, पहिल्या पानावर वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी. दादा हात धुऊन येऊन बसला. चेहऱ्यावर मोठा त्याग केलेल्या माणसाचा थकवा होता.

"तू समजून घेशील, हे मला ठाऊक होतं," तो वहिनीला म्हणाला. "मलाही वाईट वाटलं गं. पण नियमाला नातं नसतं. संशोधनात जे निघालं ते निघालं."

वहिनीने त्याच्या ताटात भाजी वाढली. "आठवी शिफारस ना?" तिने विचारलं.

दादाचा घास हातात राहिला. त्याने खऱ्याखुऱ्या आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडीचा मागमूस नव्हता, आणि तेच मला आजवर सहन झालेलं नाही.

"हो," तो म्हणाला. "तुला कसं माहीत?"

मी खुर्ची मागे सरकवली. वहिनीने टेबलाखालून माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेपर्यंत.

"वाचलाय मी तुमचा प्रबंध," ती म्हणाली आणि त्याला मीठ हवंय का विचारलं.