मंतरलेल्या पाण्यातली मर्दानगी

अड्याळच्या बाजारात भाजीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी केवळराम महाराजांच्या छत्रीखाली. सगळे पुरुष, पदराआड लपवावी तशी रुमालात बाटली धरलेले. महाराज लघवीच्या त्या बाटलीत मंतरलेलं पाणी ओतत आणि बघता बघता पांढरा गाळ उतरे.

"पाहा! मर्दानगी गळून राहिली!"

माझ्या नवऱ्याच्या बाटलीतही गाळ उतरला होता. दिवसभर तळ्यात जाळं ओढणारा लिलाधर वर्षभर शरमेनं माझ्याकडे पाठ करून झोपत होता. महाराजांनी कारण सांगितलं, "बायको तुहं सत्त्व पिऊन राहिली."

सासूबाई मला म्हणाल्या, "ह्या बाजारीबी गाळ आला तं पोरीले घे अन् एकोडीले माहेरी जा."

मी शाळेतल्या विज्ञानाच्या हर्षा मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "बाटली तू भर."

बाजारात सासूबाईंनी मी भरून दिलेली बाटली लिलाधरची म्हणून पुढे केली. पाणी पडलं, गाळ उतरला. महाराज गरजले, "ह्या मर्दात काहीच उरलं नाई!"

"महाराज," मी म्हटलं, "तो मर्द अजून अंगणवाडीत जाते. हे माह्या पोरीचं, खुशीचं हाय. चार वर्षांची हाय."

हशा पिकला. हर्षा मॅडमनी पानवाल्याचा चुना पाण्यात कालवून निवळी आणली होती. "हेच ते मंतरलेलं पाणी. कोणाच्याही लघवीत घाला, तिच्यातल्या क्षारांचा गाळ होतो."

"खोटं!" महाराज ओरडले.

"मंग तुमचीच बाटली भरा," मी म्हटलं.

गर्दीतला म्हातारा फकिरा उठला. "चला महाराज, झुडपामांगं. मी पहारा देतो."

महाराजांचा गाळ साऱ्या बाजारानं पाहिला. सासूबाईंनी ती बाटली त्यांच्याच डोक्यावर रिती केली. "माह्या सुनेले बदनाम करतं काय रे!" मला जराही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात लिलाधरच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली; त्याच्या त्रासाचं मूळ तेच होतं. एका डॉक्टरांनी औषध दिलं, आहार सांगणाऱ्या ताईंनी भात कमी केला, तंबाखूचा खर्रा सोडवला. समुपदेशक मॅडमनी आम्हा दोघांना शेजारी बसवून बोलतं केलं. तिथं तो पहिल्यांदा रडला, मी त्याचा हात धरून होते.

तीन महिन्यांनी त्याच मॅडमनी विचारलं, "उपचारानं समाधान आहे?"

लिलाधर माझ्याकडे बघून लाजला. "इलेच विचारा न, मॅडम."

भावांनो, शरीर बिघडतं त्याला कारण असतं. ते दवाखान्यात शोधा, बायकोच्या सावलीत नको.