मागच्या चाकाची निवड

"पुढं दोन नवे टायर टाकू. मागं काय, सूनच बसती. जुनं चालतंय तिथं."

कुंडलिकराव ओट्यावर बसून हे बोलले, तेव्हा ते ऐकणाऱ्या आम्ही दोघी होतो. एक त्यांची नवी सून शिवानी. ती गाडीमागं उकिडवी बसून चाकांचा चिखल धूत होती. दुसरी मी, गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली. ओट्यावरून आम्ही दिसत नव्हतो. तशाही आम्ही त्या घरात कुणाला फारशा दिसायचो नाही.

मी स्टेपनी. मला बोल म्हणून कुणी सांगितलेलं नाही. पण आता दिवसभर काम नसतं, म्हणून सांगते.

कारखान्यात आम्ही पाच भावंडं एकाच साच्यातून निघालो. रबर तापलेलं, वर वाफ, आणि अंगावर कोरलेले चार आकडे: ३११७. म्हणजे दोन हजार सतराचा एकतिसावा आठवडा. हीच माझी जन्मतारीख. माणसं पत्रिकेतला एकेक ग्रह बघतात, पण टायरवरचा हा आकडा वाचत नाहीत.

सात माणसांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीबरोबर आम्ही वेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावात आलो. चौघांना रस्ता मिळाला, मला साखळी. ते पाबे घाट चढले, लग्नं-बारशी हिंडले, झिजले. मी खालून त्यांची चैन बघायची आणि त्यांनी उडवलेला चिखल खायची. दसऱ्याला त्यांच्यापुढं लिंबं ठेवायचे, हळदकुंकू व्हायचं. मला आठ वर्षांत एकदाच कुंकू लागलं. यंदा. शिवानीनं सगळे आत गेल्यावर खाली वाकून एक बोट टेकवलं.

तिची माझी ओळख तिच्या लग्नातली.

लग्न सारोळ्याला, मुलीच्या गावी होतं. वरात निघायच्या वेळी गाडीचं पुढचं चाक बसलं. मांडवाचा खिळा घुसला होता. ड्रायव्हर जॅक शोधू लागला तेव्हा कुंडलिकराव भर पाहुण्यांत मोठ्यानं म्हणाले, "त्याला कशाला तरास देता? व्याही हायेत की आपले! त्यांचा धंदाच हाय."

लोक हसले. शिवानीचे वडील गेनूभाऊ हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवतात. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी बायकोच्या हातात दिला आणि नव्या कोऱ्या कपड्यांनिशी मातीत आडवे झाले. मला त्यांनीच खाली काढलं. अंगठ्यानं चिखल पुसून आकडा वाचला. माझ्या बाजूवरच्या बारीक भेगांवरून नख फिरवलं. मग जावयाला, गोरखला, हळूच म्हणाले, "जावईबापू, घरापुरती लावतो. पण हिला परत रस्त्यावर आणू नका. दिसती नवी, आतनं वाळलीया."

मागून कुंडलिकरावांच्या बायको, विहीणबाई मंगल म्हणाल्या, "घ्या! पोरगी दिली, आता टायर बी गळ्यात मारत्यात."

पुन्हा हसणं. त्या हसण्यातच वरात निघाली. सारोळं ते वेल्हं, माझ्या आयुष्यातला पहिला रस्ता. मागच्या शेवटच्या सीटवर, बॅगा आणि रुखवताच्या पितळी डब्यांमध्ये, शिवानी रडत होती. मी मात्र मजेत होते. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पंक्चर निघालं आणि मी परत साखळीला.

आता दसरा झाला होता. नव्या जोडप्याला वरंधा घाटाखालच्या कुलदैवताला न्यायचं ठरलं होतं. चारही भावंडांची टक्कलं पडली होती. त्यावरच ओट्यावर ती चर्चा झाली, आणि शिवानीच्या हातातला फडका चाकावर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

त्या दिवशी गोरख गाडी पुसायला आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, माझे दादा मांडवात काय म्हनले होते स्टेपनीचं, आठवतं का?"

"आबा ठरवत्यात ते."

"तुमी सांगा की त्यान्ला."

"अन् काय सांगू? सासऱ्यानं सांगितलंय म्हनून? तुझा बाप काय इंजिनेर हाय व्हय?" आणि तो मोबाईलमध्ये बघत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघाले. पुढं गोरख आणि आबा म्हणजे कुंडलिकराव, मधे मंगलबाई आणि नैवेद्याची पाटी, मागं शिवानी. भोरच्या अलीकडं सावळारामच्या टायरच्या दुकानापुढं गाडी थांबली.

सावळाराम म्हणाला, "आबा, चारी बदला. साधे घेतले तर त्याच पैशात चारी बसतील."

"साधे टेम्पोला घालतो मी." कुंडलिकरावांचा हात मोठ्या खाचांच्या, पांढऱ्या अक्षरांच्या टायरवर होता. "ह्ये दोन काढ. गाडी गावात शिरली की लोक पुढनं बघत्यात. मागनं कोन बघतंय?"

"मग निदान नवे मागं टाका. घाट उतरायचाय. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरती, मग स्टेरिंग धरून उपेग न्हाई."

"स्टेरिंग पुढं असतंय का मागं?" आबांनी विचारलं. मंगलबाई हसल्या. गोरखही हसला. सावळाराम पाना उचलत म्हणाला, "तुमची गाडी, तुमची मर्जी."

मागं लावायला चारांतला त्यातल्या त्यात बरा एक निवडला. दुसरा कुठला, म्हणून साखळी सैल केली आणि मी उजेडात आले.

"ह्ये बघ!" आबा खूश झाले. "अंगावरची रबराची केसं बी गेली न्हाईत हिची. कोरी हाय, कोरी!"

आठ वर्षांत मला कुणी निवडलं नव्हतं. त्या एका वाक्यानं मी फुगले, आत हवा नीट नव्हती तरी. मला माझ्या भेगा ठाऊक होत्या. वरंधा घाटातली वळणं, तापलेला रस्ता, वर सात माणसांची गाडी. कितव्या वळणाला मी फाटेन याचा मला अंदाज होता. आणि माझ्या बरोब्बर वर कोण बसणार तेही माहीत होतं. जिनं मला कुंकू लावलं तीच. तरी मला जायचंच होतं. आठ वर्षं अंधारात टांगलेल्याकडून दयेची अपेक्षा कुणी ठेवू नये.

सावळारामनं माझा आकडा पाहिला. एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून तो गप्प राहिला. मला मागच्या चाकाजवळ आणून टेकवलं.

तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि शिवानी उतरली. डोक्यावरचा पदर नीट करून माझ्यापाशी उकिडवी बसली. बापासारखाच अंगठा फिरवून आकडा पुसला, बापासारखंच नख भेगेत घातलं. नखाचं टोक आत गेलं.

"आता ही पंक्चर काढायला बसती का काय!" मंगलबाई म्हणाल्या. "खोड हाय ती, जायची न्हाई."

"शिवानी, गाडीत बस," गोरख खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघत्यात."

ती उठली. हात पदराला पुसले नाहीत, तसेच काळे ठेवले. लग्न झाल्यापासून त्या घरात तिचा आवाज चहा झाला का, कपडे वाळले का, एवढ्यापुरताच मी ऐकला होता.

ती जे बोलली त्यानं माझं आयुष्य संपलं. त्या दिवशी गाडीला चारही टायर साधे बसले, शिवाय एक स्टेपनी. पांढरी अक्षरं दुकानातच राहिली. आबा पैसे मोजून गाडीत चढले. मंगलबाईंनी सुनेकडं पाहिलं ते मी पाहिलंय. घाटाच्या खाली आणि नंतर घरी तिच्या वाट्याला काय आलं, ते मला माहीत नाही. मी इथंच राहिले.

सावळारामनं माझ्यावर चुन्यानं 'हवा' लिहिलं आणि रस्त्याकडेच्या बाभळीला टांगलं. म्हणजे पुन्हा टांगणंच. फक्त आता उजेड आहे. समोरून रोज कितीतरी मोठ्या गाड्या जातात. पुढची चाकं चकचकीत, मागं पोरंबाळं, म्हातारी, एखादी नवी नवरी. जमलं तर थांबून खाली वाका. माझ्यासारखी एखादी तिथं कोरी दिसत लटकत असेल, तिचा आकडा वाचा. ती आपणहून सांगणार नाही. मी नव्हतं सांगितलं.

सांगितलं शिवानीनं. काळा अंगठा सासऱ्यापुढं धरून, आवाज न चढवता:

"मामा, ही सतरा सालची हाय, माझ्या बापानं मांडवातच सांगितलेलं. आन् मागं जुनं चालतंय, आसं काल तुमी ओट्यावर म्हनलात. चालतंय ना? मग तुमी आन् आत्या मागं बसा. मी पुढं बसते."