वरच्या अंगणातली हिरवळ

छांग देमावच्या दारावर ‘सुंदर अंगण’ अशी लाल पाटी लागून अकरा दिवस झाले होते, आणि अकरा दिवस तो त्या दारातून जाता-येता मान खाली घालत होता. बघणारे म्हणायचे, काय साधा माणूस, एवढा मान मिळाला तरी नम्रच. नम्र कसला डोंबलाचा, शरमेनं मान वर होत नव्हती त्याची.

आमच्या घळीत घरं एकावर एक. पिवळ्या मातीचा कडा कोरून केलेली गुहाघरं, आणि वरच्याचं अंगण तेच खालच्याचं छप्पर. माती कोरडी राहिली तर घर पणतवंडांना पुरतं. तिला ओल लागली की चहात बुडवलेल्या बिस्किटाची गत. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. देमावला तर कळायलाच हवं, कारण जिल्ह्याच्या मृदसंधारण कचेरीत त्यानं एकतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली होती. खांद्यावर रोपांची मोळी टाकून तो गावोगाव फिरायचा, मूठभर माती बोटांत चुरायचा आणि सांगायचा: बांधाच्या काठाला पिवळी लिली लावा, कळ्यांची भाजीही होईल. उभ्या उतारावर भुईमिरीचं बुटकं, वासाचं झुडूप. आणि घराच्या डोक्यावर पाणी मागणारं काहीही नको, काही म्हणजे काहीच नको. खरकटं पाणी अंगणात ओतणाऱ्या बायकांना तो इतकं बोलायचा की त्याला लांबून येताना बघून त्या बादल्या लपवायच्या.

अशा माणसानं लॉन लावलं.

झालं असं की ‘सुंदर अंगण’ ठरवायला वीस मेला जिल्ह्याहून माणसं येणार होती. मे महिन्यात आमच्याकडे काय असतं? लिली वीतभर, भुईमिरी तपकिरी, बाकी सगळी धूळ. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, कुणी मत विचारायला येत नव्हतं, आणि माणूस आतून पोखरला जात होता. मार्चअखेरीस तो युलिन शहरात जाऊन गालिच्यासारख्या गुंडाळ्या केलेलं लॉन घेऊन आला, आणि सोबत चाळीस मीटरची हिरवी नळी.

“अहो, हे पितं किती?” बायकोनं, छ्याओअरनं विचारलं.

“थोडंसंच.”

“आपलं गाढवही थोडंसंच प्यायचं,” ती म्हणाली आणि पिठाकडे वळली.

त्यांच्या अंगणाखाली रुईलिंग राहायची. एकाहत्तरची, विधवा, तीन गुहांचं घर. तिच्या दारावरच्या उभ्या उतारावर भुईमिरीची दाट चादर होती. तीस वर्षांपूर्वी देमावच्याच सांगण्यावरून तिच्या नवऱ्यानं, मानत्सांगनं, डोंगरावरून एकेक गड्डा पाठीवर आणून ती लावलेली. जमिनीला घट्ट चिकटून पसरायची आणि उन्हाळ्यात जांभळी व्हायची. सणाला बकरा शिजला की रुईलिंग मूठभर पाला सगळ्या शेजाऱ्यांना वाटायची. मानत्सांग जाऊन नऊ वर्षं झाली, वाटप चालूच होतं.

एप्रिलच्या मध्यावर तिनं देमावला खालून हाक मारली. “मास्तर, जरा बघून जाता का? मधल्या घरात ओल दिसतेय.”

तो खाली गेला. कमानीच्या आतल्या बाजूला परातीएवढा काळपट डाग होता आणि त्यातून बोटभर चीर निघाली होती. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. देमावला एका क्षणात सगळं कळलं. पाणी कुठून येतं, किती दिवसांपासून येतं, सगळं.

रुईलिंग कंदील वर धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरकडे बघतात तसं.

“भुईमिरी,” तो म्हणाला. “जुनी झाली, वहिनी. मुळं कुजली की त्यांच्या वाटांनी ओल उतरते.”

“पण तुम्हीच तर लावायला सांगितली होती.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता काढायला लागेल.”

भुईमिरीची मुळं ओल खाली उतरवत नाहीत, माती धरून ठेवतात. हे त्यानं स्वतः हजार जणांना शिकवलं होतं. तरी हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही, आणि पुढे अनेक दिवस त्याला सगळ्यात जास्त हेच खात राहिलं.

दोन दिवस रुईलिंग दुखऱ्या गुडघ्यांनी शिडीवर उभी राहून ती चादर उपटत होती. देमाव वरून बघत होता. इतकंच नाही, भरायला पोतं हवं म्हणाली तर त्यानं वरून एक टाकलं. लॉनला पाणी घालणं थांबवावं असं रोज ठरवायचा. पण वीस मे तोंडावर आलेली. मग तो पहाटे, कुणी उठायच्या आत, नळीचं तोंड मातीला टेकवून पाणी सोडायचा, म्हणजे आवाज नको.

वीस तारखेला माणसं आली, फोटो काढले, पाटी ठोकली. त्यानंतरही पाणी चालूच राहिलं, कारण लॉन पिवळं पडलं तर लोक विचारतील. सहा दिवसांनी वीस मिनिटांची सर आली. उघडा पडलेला उतार सोलल्यासारखा खाली आला. रुईलिंगच्या दारात गुडघाभर चिखल, आणि मधल्या कमानीतली चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती म्हणून वाचली.

एकतीस मेला तिचा मुलगा योंगशंग युलिनहून टेम्पो घेऊन आला. सहाव्या मजल्यावर तिच्यासाठी खोली तयार होती. सकाळपासून सामान निघत होतं. ज्वारीच्या काड्यांची झाकणं, लोणच्याचे माठ, मानत्सांगच्या फोटोची चौकट. देमाव वरच्या काठावर उभा होता.

“आता तरी जा,” छ्याओअर मागून म्हणाली. “नाहीतर मी जाते. आणि मी गेले तर परत या घरात येणार नाही.”

तो खाली गेला. पाच-सहा शेजारी माठ उचलायला आले होते. सगळ्यांसमोर त्यानं सांगून टाकलं.

“वहिनी, तुमचं घर माझ्यामुळे गेलं. वरच्या लॉनच्या पाण्यानं. भुईमिरीचं मी खोटं सांगितलं.”

रुईलिंगनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते.

“बघा रे,” ती शेजाऱ्यांना म्हणाली, “म्हातारीला जाताना वाईट वाटू नये म्हणून दोष स्वतःवर घेतोय. मास्तर, तुमच्या मनाला तोड नाही.”

“असा शेजारी शहरात नाही मिळायचा, आई,” योंगशंग म्हणाला आणि त्यानं देमावपुढे सिगारेट धरली.

देमावनं ती घेतली. त्याला हायसं वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं, कुणी ऐकलं नाही यात त्याचा काय दोष. सिगारेट पेटली, एक झुरका झाला, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच त्याला इतकी शिसारी आली की त्यानं ती पायाखाली चिरडली.

“वर चला,” तो म्हणाला. “वहिनी, तुम्ही वर चला.”

गुडघ्यांमुळे ती वर्षभर त्या पायऱ्या चढली नव्हती. त्याच्या दंडाला धरून, मधे दोनदा बसून, ती एकदाची वर आली. पायरीशेजारची उघडी जमीन पाच दिवसांच्या उन्हानं भेगाळली होती. पलीकडे लॉन हिरवंगार.

“हात लावून बघा.”

ती खाली बसली. गवतावर तळवा टेकवला, मग एक बोट मातीत खुपसलं. पेर, दुसरं पेर, अख्खं बोट आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा ते चिखलानं माखलेलं होतं. त्याच पहाटेचं पाणी होतं ते. नळी तिथेच भिंतीला टांगलेली होती, तोंडातून थेंब गळत होता.

तिनं नळीकडे बघितलं. काठाकडे बघितलं. बोट कपड्याला नाही, गवतालाच पुसलं, सावकाश.

“योंगशंगला सांगू नका,” ती शेवटी म्हणाली. “तापट आहे तो, हात उचलेल. घराचं जाऊ दे, मास्तर. मातीचं होतं.”

देमावनं मान खाली घातली.

“पण मी त्यांना बोलले हो,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. “भुईमिरी उपटून झाल्यावर त्यांच्या थडग्यावर गेले मुद्दाम, अर्धा दिवस लागला चढायला. बसून चांगलं खडसावलं. म्हटलं, तुम्ही लावलेल्या झुडपानंच आपलं घर फोडलं, जन्मभर तुम्ही घाई केलीत, कुणाला न विचारता काहीही आणून लावलंत. मेलेल्या माणसाला काही बोलता येतं का उलट? गपचूप ऐकून घेतलं असेल त्यांनी.”

खालून टेम्पोचा भोंगा वाजला.

“वहिनी, मी...”

“माझ्याशी नका बोलू. माझे पाय आता डोंगर चढायचे नाहीत, आणि मी निघाले. तुम्ही जा. त्यांना सांगा चूक कुणाची होती ते.”

“जातो. उद्या सकाळीच...”

“आत्ता,” ती म्हणाली. “मला जाताना तुम्ही वाटेवर दिसले पाहिजेत.”

देमाव निघाला. पाटी लावलेल्या दारातून बाहेर पडून तो डोंगराच्या वाटेला लागला. खालच्या रस्त्यावरून टेम्पो अगदी हळू चालला होता आणि पुढच्या खिडकीतून तिचं पांढरं डोकं वर वळलेलं होतं. त्यानं मागे बघितलं नाही. वर जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना भुईमिरीच भुईमिरी, कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली. पाय पडेल तिथे वास सुटत होता.

मानत्सांगच्या थडग्यापाशी पोचल्यावर तो गुडघ्यांवर बसला, आपलं नाव सांगितलं, आणि नळी विकत घेतली त्या दिवसापासून सुरुवात केली.