शंका क्रमांक सतरा

मी एका प्रकाशनात प्रुफं तपासते. एकोणीस वर्षं झाली. ऑफिसात मला सगळे 'वेलांटी' म्हणतात, कारण ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि छापून आल्यावर सुटलेलं दिसलं की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. काम सरळ आहे. छपाईला जाणाऱ्या पानांवर लाल पेनाने चुका दाखवायच्या. मजकूर पटो न पटो, त्याला हात लावायचा नाही. फारच अडलं, म्हणजे दहाव्या पानावर डाव्या पायाने लंगडणारा काका साठाव्या पानावर उजव्या पायाने लंगडायला लागला, तर वेगळ्या कागदावर क्रमांक घालून शंका लिहायची. तो कागद लेखकाकडे जातो. लेखक उत्तर देतो किंवा देत नाही.

त्या वर्षी आमच्या सगळ्यांत मोठ्या लेखकाची कादंबरी आली. सत्तरी ओलांडलेले, शाळेच्या पुस्तकांत धडे असलेले गृहस्थ. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं, तेही समारंभात, मागच्या रांगेतून. कादंबरी एका घराची होती. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, तिचा लिहिणारा मुलगा आणि म्हातारीची देखभाल करणारी एक मुकी बाई.

त्रेचाळिसाव्या पानावर ती मुकी बाई कोमट पाण्यात म्हातारीची बोटं भिजवून नखं कापते. तिच्या डाव्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याचा त्रिकोणी डाग आहे. म्हातारीला कुशीवर वळवताना ती बोटांनी हवेत एक, दोन, तीन मोजते आणि तीनला वळवते.

मी पेन खाली ठेवलं. तो डाग मी रोज पाहते. चहाचा कप पुढे करताना तो बाहीतून बाहेर येतो. एक, दोन, तीन म्हणून आईने मलाही तापात कितीदा वळवलंय.

मी सहा-सात वर्षांची असेपर्यंत आई कुठल्याशा मोठ्या घरी एका आजारी आजींना सांभाळायची, एवढंच मला माहीत होतं. ती त्याला 'आजींचं घर' म्हणायची. आजींच्या मुलाचं नाव तिने कधी काढलं नव्हतं. मला एकच कळेना, ती मुकी कशी झाली? माझ्या आईला बोलायला माणूस मिळालं नाही तर ती कुकरशी बोलते.

मी पुढे वाचत गेले. दोनशे बाराव्या पानावर म्हातारी वारते. मुकी बाई आपल्या खोलीवर जाते आणि महिन्याभरात तापाने मरते. उशाशी म्हातारीने दिलेला जुना स्वेटर घडी करून ठेवलेला. 'तिला स्वतःचं असं काहीच नव्हतं. होती ती फक्त निष्ठा.' वाक्यात एकही चूक नव्हती. पूर्णविरामसुद्धा बरोबर जागी होते.

प्रुफं घरी न्यायची नसतात. मी पिशवीत घालून नेली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, त्यामुळे वाचून दाखवायला निमित्त शोधावं लागलं नाही. तीन रविवार लागले. ती खिडकीशी शेंगा सोलत बसायची आणि मी वाचायचे. पहिल्या पाच मिनिटांत तिने ओळखलं.

"अगं, हे आजींचं घर! दादांनी लिहिलंय? पण ही बाई बोलत का नाही?"

"मुकी आहे ती."

"मुकी?" आई इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "आजी आणि मी दुपारी अशा काही हसायचो की दादा वरून ओरडायचे, लिहू द्या म्हणून. मग आपणच हळूच खाली येऊन जिन्यात बसायचे, वही घेऊन. मला त्यांचे पाय दिसायचे बरं. मी मुद्दाम दोन गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचे."

तिला राग आला नव्हता, उलट मजा वाटत होती. ती चुका काढायची. म्हातारी गोड खात नाही असं लिहिलंय, पण आजी चोरून खायच्या. पलंग खिडकीशी नव्हता, भिंतीशी होता. नखं तशी कापायची पद्धत मात्र बरोबर लिहिलीय, म्हणाली, नीट पाहिलंय त्यांनी.

तिसऱ्या रविवारी मी दोनशे बारावं पान वाचलं. टाळावं असंही मनात आलं होतं. शेंगा संपल्या होत्या, तरी आईची बोटं टोपलीत चाचपडत होती.

"मारलं का मला?" तिने विचारलं.

"कादंबरी आहे, आई."

"हो, ते कळलं. पण आजी जायच्या आधी दीड वर्ष मी काम सोडलं होतं. आजी होत्या की चांगल्या."

मग तिने सांगितलं. दोन गल्ल्या सोडून मोठ्या बायकांसाठी वाचायला-लिहायला शिकवायचा वर्ग सुरू झाला होता, दुपारी दोन ते चार. त्या वेळी आजी झोपलेल्या असत. आईने दादांना विचारलं, दोन तास जाऊन येऊ का? दादा रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत. ते म्हणाले, तुला वाचायचं कशाला? काही कागद असला तर मी वाचून देईन. आणि माझ्या आईला जाग आली नि तू नसलीस तर ती घाबरते. तुझ्याशिवाय तिचं पान हलत नाही, तुला माहीत आहे.

"इतकं गोड बोलले, की मलाच लाज वाटली विचारल्याची," आई म्हणाली. "चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी वाटलं, अरे, कागद माझा आणि वाचणार हे? मग महिना भरला तशी निघाले. आजींना सांगून निघाले. आजी म्हणाल्या, जा."

पुढचं मला ठाऊक होतं. ती सातवीची परीक्षा बाहेरून पास झाली, इस्पितळात आया म्हणून लागली आणि निवृत्त होताना बावीस आयांची प्रमुख होती. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना पेशंट कसा वळवायचा हे ती दाखवायची, एक, दोन, तीन.

सोमवारी मी शंकांचा कागद पुरा केला. सोळा शंका नेहमीच्या होत्या. सतरावी लिहिताना अक्षर नीट काढलं. 'पृ. २१२ : ही व्यक्ती मरण पावलेली नाही. कृपया खात्री करावी.'

संपादक शंकांचे कागद वाचत नाहीत, सह्या करतात. कागद गेला. चौथ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि कान लाल झाले होते.

"वेलांटी, हा काय प्रकार आहे? थट्टा करतेस? त्यांचा फोन आला होता मला."

मी सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "असेलही. पण असं प्रत्येकाची आई येऊन सांगायला लागली तर आपण छापायचं काय?"

"म्हणून शंका लिहिली, सर. खोडलं नाही."

त्यांनी मला लेखी ताकीद दिली. सगळ्या नोकरीतली पहिली. टाइप केलेल्या पत्रात 'ताकीद'ची वेलांटी ऱ्हस्व होती. मी ती दुरुस्त केली नाही. पत्र देताना ते म्हणाले, "मी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांना तुझ्या आईला भेटायचंय. गाडी पाठवतो म्हणाले."

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "गाडी कशाला? माझे गुडघे दुखतात, त्यांचे दुखत नसतील तर त्यांनी यावं."

ते आले. तीन जिने चढून, मधे दोनदा थांबून. दारात उभे राहिले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "आत येऊ का?" एवढंच म्हणाले. आई खुर्चीतच बसून होती. तिला उठायची सवय होती, हे मला तिच्या हातांवरून कळलं, दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती.

"या, दादा. बसा. पाणी आण गं."

"तू ओळखलंस मला," ते म्हणाले.

"आवाजावरून. डोळ्यांनी आता कोणीच ओळखू येत नाही, मनाला लावून घेऊ नका."

ते बसले. तब्येतीची चौकशी झाली, गेलेल्या माणसांची झाली. मग ते विषयावर आले. अतिशय अदबीने, जपून बोलत होते. म्हणाले, "ती बाई म्हणजे तू नाहीस. तुझा डाग घेतला, तुझे हात घेतले. पण ती अशा सगळ्या बायकांची मिळून एक आहे. ज्यांना कोणी बोलू दिलं नाही."

"म्हणून मुकी?"

"हो. म्हणून."

"मला तर तुम्ही ऐकायला जिन्यात बसायचात."

ते ओशाळले. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. "वाचणाऱ्यांनी तिच्यासाठी रडावं असं मला वाटत होतं," ते हळू म्हणाले. "ती मेल्याशिवाय त्यांना कळणार नाही, आपण काय केलं ते."

"रडतील की," आई म्हणाली. "रडतील आणि पुस्तक मिटून जेवायला बसतील. दादा, मी निघाले त्या दिवशी तुम्हाला रडू नव्हतं आलं. राग आला होता. तुम्ही दाराशी आला नाहीत, पण वर कपाट आपटलेलं मी फाटकापर्यंत ऐकलं. तो राग कुठाय पुस्तकात? मी शोधत होते. हिला विचारा."

मी मान हलवली. खालच्या मजल्यावर कोणी तरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

"आला होता," ते म्हणाले. "फार आला होता."

मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली. मला वाटतं ते त्यांच्या नकळत झालं, जसा कोणी चष्मा पुसतो. "तू गेलीस कुठे त्यानंतर? सांग ना. तेच लिहितो. ती जाते, पुढे तिचं काय होतं..."

आईला वही दिसली नसावी, पण पान उलटल्याचा आवाज तिला कळला.

"ती आत ठेवा, दादा."

"अगं, पण खरं तेच लिहीन."

"खरंच आहे ते. पण ते माझं आहे. चाळीस वर्षांत तुम्ही एकदा विचारलं असतंत तर चहा पीत पीत सांगितलं असतं. आता पुस्तकाला हवंय म्हणून विचारताय."

"मग मी काय लिहू?"

"मी गेल्यावर घरात काय झालं ते लिहा. ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी वही खिशात ठेवली. निघताना दाराशी वळून म्हणाले, "येतो मी. तुम्ही... तब्येतीला जपा."

"'तुम्ही' नका म्हणू एकदम," आई म्हणाली. "मला पाठीमागे कोणी उभं आहे का बघावंसं वाटतं."

ते हसले. पण जिना उतरताना त्यांची पावलं मधेच एका पायरीवर थांबली आणि बराच वेळ पुढे ऐकू आली नाहीत. मी पाहायला गेले नाही.

अडीच महिन्यांनी नवी चौदा पानं आली. प्रुफं माझ्याकडेच द्यावीत, अशी चिठ्ठी सोबत होती. संपादकांनी पानं माझ्या टेबलावर ठेवली.

त्या पानांत बाई निघून जाते. दुसऱ्या सकाळी लिहिणारा मुलगा खाली येतो. म्हातारी ओल्या अंथरुणात पडलेली असते. त्याला तिला वळवता येत नाही. तो नखं कापायला बसतो, बोटं आधी पाण्यात भिजवायला लागतात हे त्याला पाहून पाहून माहीत असतं, तरी तो तशीच कापतो आणि बोटातून रक्त काढतो. म्हातारी ओरडते तेव्हा तो तिच्यावर ओरडतो. आणि तेव्हा त्याला उमगतं की त्याला राग आईचा आलेला नाही, गेलेल्या बाईचाही नाही. ती जाऊ शकते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती, याचा तो राग आहे. ती पानं वाचताना मी दोनदा लाल पेन विसरले. त्यांनी इतकं चांगलं याआधी कधी लिहिलं नव्हतं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

बाई मात्र मुकीच राहिली होती. जाताना पाटीवर घड्याळाचे दोन आकडे काढून दाखवते, दोन आणि चार. एवढंच.

मी आईला वाचून दाखवलं. नखं कापायचा भाग आला तेव्हा तिने स्वतःची बोटं मुठीत घेतली. "आजींचे हाल झाले तर," ती म्हणाली. तेवढ्यावरून तिला वाईट वाटलं, ते दिवसभर पुरलं. रात्री जेवताना म्हणाली, "मी तशीच निघाले, मागे कोण येणार ते बघितलं नाही. बघायला हवं होतं का?"

"ते त्यांनी बघायचं होतं."

"हं," ती म्हणाली. तिचं समाधान झालं नव्हतं.

पुस्तक निघालं. एका समीक्षकाने लिहिलं, चौदा पानांचं ते प्रकरण अंगावर येतं, पण मुकी बाई अचानक नाहीशी होते, तिचं पुढे काय झालं हे लेखकाने सांगितलेलं नाही आणि ही कादंबरीतली मोठी उणीव आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. ती तेव्हा पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पिशवी भरत होती.

"उणीव म्हणजे कमी ना?"

"हो."

"राहू दे कमी," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी घातली. मग विचारलं, इस्पितळात दोन-तीन दिवस तरी डोळ्याला पट्टी असेल, तर तुझ्याकडे वाचायला दुसरं काही आहे का, शक्यतो ज्यात बाई बोलते असं.